हॉलला केशरी रंग द्यायचाय, पण लिमलेटची गोळी नकोय

घरकोंबडी (चिंचवड), ९ सप्टेंबर

गणपती गेले, मखर माळ्यावर गेलं आणि त्यामागची भिंत उघडी पडली. ती आता येताजाता डोळ्यात खुपतेय, म्हणून हा धागा.

चौथ्या मजल्यावरचा टू बीएचके, इमारत १९९८ची. हॉल ११ बाय १६. पश्चिमेला बाल्कनी, तिथून दुपारी तीननंतर ऊन सरळ आत. बाल्कनीच्या समोरची ११ फुटी भिंत मला केशरी करायचीये. बाकीच्या तीन ऑफव्हाइट आहेत, तशाच राहू देत.

आता केशरी म्हणजे नेमका कुठला, इथेच घोडं अडलंय. तीन वर्षांपूर्वी याच भिंतीवर एकदा तोंड पोळून झालंय. शेडकार्डावर नखाएवढा चौकोन होता, जर्दाळूसारखा गोड. पेंटरदादांनी दोन हात मारले. संध्याकाळी ट्यूब लावली आणि लिमलेटच्या गोळीच्या आत बसून जेवतोय असं वाटायला लागलं. त्यात नेमकं पिठलं केलेलं. मुलगा तेव्हा सातवीत होता, तो म्हणाला, "आई, तुझं तोंडपण ऑरेंज झालंय." उठून आरशात पाहिलं, खरंच झालं होतं. नवरोबा म्हणाले, आता फक्त खुर्च्या आणि चहाचा थर्मास मागवू, निवडणूक कार्यालय तयार आहे. आठव्या दिवशी त्यावर ऑफव्हाइट मारून घेतला. तोही तीन हात खाऊन गेला, सहा हजार पाण्यात. साबा (सासूबाई) एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त त्या आठ दिवसांत टीव्ही बघायला हॉलमध्ये आल्या नाहीत, त्यातून काय ते समजले.

मग पुन्हा केशरीच का? त्याचं कारण माझ्या कपाटात आहे.

वाईला आजीच्या परसात प्राजक्त होता. भाद्रपदात सकाळी सडा पडायचा. आम्ही पोरं परडी भरून आणायचो. निम्मी फुलं देवाला, निम्मी आजीला. ती पाकळ्या खुडून टाकायची आणि नुसते देठ सुपात पसरून सावलीत वाळवायची. चांगले दोन-तीन मुठी जमले की पातेल्यात उकळायचे, चिमूटभर तुरटी घालायची आणि त्यात देवघराचा मांजरपाटाचा पडदा बुडवायचा. रंग कच्चा. चार-सहा महिन्यांत विटून मारी बिस्किटासारखा व्हायचा, मग पुढच्या भाद्रपदात परत बुडवायचा.

त्यातला शेवटचा पडदा माझ्याकडे आलाय. बाहेरून पार उडालेला. गेल्या महिन्यात त्याची खालची दुमड उसवली, तर आत अर्ध्या इंचाची पट्टी जशीच्या तशी! उजेड कधी लागलाच नाही ना तिला. जिथे दोरा बसला होता तिथे रंग पोचला नव्हता, त्यामुळे मध्ये टाक्यांच्या फिकट ठिपक्यांची रांग आहे. ना झेंडूसारखा भडक, ना विटकरी. संत्र्याच्या सालीपेक्षा मऊ. मला हा रंग हवाय.

तर प्रश्न:

ही पट्टी घेऊन दुकानात गेले तर तोच रंग मिळेल का? पश्चिमेच्या उन्हात पुन्हा गोळी होणार नाही ना? फरशी हस्तिदंती, सोफा गडद तपकिरी रेक्झिनचा (लग्नातला, बदलायचा नाही, बजेट सगळं मिळून १५ हजार). आणि घाई नाही. सर्वपित्री होईपर्यंत भिंतीला ब्रश लावायचा नाही असा वरून हुकूम आहे, मुलगा आता दहावीत आहे, त्यामुळे जे करायचं ते दिवाळीच्या आधी, दोन दिवसांत.

पुणेरी_पाटी, ९ सप्टेंबर

भिंत खुशाल केशरी करा. दारावर पाटी लावा : "येथे निवडणूक कार्यालय नाही. उमेदवारी अर्जाची चौकशी केल्यास अपमान करण्यात येईल."

चुना_लावणारा, ९ सप्टेंबर

ताई, नावावर जाऊ नका, बावीस वर्षं रंगकामाचे ठेके घेतोय.

तुमची गोळी का झाली ते आधी सांगतो. केशरी रंग एकटा राहत नाही. भिंतीवरून उजेड फरशीवर, छतावर, समोरच्या भिंतीवर जातो, तिथून रंग घेऊन परत येतो. तुमची फरशी फिकी आणि चकचकीत, म्हणजे तो आरसाच. कार्डावर जो चौकोन दिसतो त्याच्या दुप्पट भडकपणा भिंतीवर मिळणार हे धरून चालायचं. म्हणून निळा-हिरवा लोक कार्डावरून निवडतात तसा केशरी निवडता येत नाही. जी शेड कार्डावर "छे, ही तर मळकी आहे" वाटते, ती भिंतीवर चांगली दिसते. गिऱ्हाइकाला हे पटवताना माझे केस गेले.

दुसरं, ट्यूब. पांढऱ्याफटक उजेडाचा दिवा असेल, ज्याच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं, तर त्यात केशरी एक तर करकरीत दिसतो नाहीतर मातकट. २७०० ते ३००० के चा पिवळसर दिवा घ्या. खोक्यावर सीआरआय ९० किंवा त्याच्या वर असेल तर अजून चांगलं, म्हणजे रंग खरा दिसतो. भिंतीच्या आधी दिवे बदला आणि मग शेड ठरवा. लोक उलटं करतात.

दुकानात कापड स्कॅन करून शेड काढणारं यंत्र असतं, हो. पण कापड पातळ असेल तर खालचं टेबलपण त्यात मोजलं जातं. पट्टी चार पदरी करून द्या. आणि यंत्र जो नंबर सांगेल तो लगेच चार लिटर बनवून आणू नका! सॅम्पलची छोटी बाटली मिळते. कार्डशीटवर दोन हात मारा, पूर्ण शीट भरा, कडेला पांढरं ठेवू नका. ते शीट भिंतीला चिकटवून सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवा लावून बघा. तीन दिवस तरी.

खर्चाचं. भिंत ११ बाय साडेनऊ धरली तर १०५ चौरस फूट. साधारण इमल्शन (पाण्याचा रंग) दोन हातांना लिटरमागे सव्वाशे-दीडशे फूट जातं, म्हणजे कागदावर एक लिटर पुरतं. केशरीत पुरत नाही. गडद शेडच्या बेसमध्ये (ज्या मूळ डब्यात रंग मिसळून शेड बनवतात त्यात) पांढरं पिगमेंट कमी असतं आणि केशरी-पिवळ्या रंगांची झाकण्याची ताकद मुळात कमी, खालचं दिसत राहतं, मग पेंटर तिसरा हात मारतो, चौथा मारतो. त्यावर उपाय स्वस्त आहे : आधी फिक्या पीचचा एक हात, त्यावर केशरीचे दोन. दोन लिटरमध्ये आटपेल.

पश्चिमेच्या भिंतीला आतून पोपडे किंवा लोणा आलाय का बघा. पावसात भिजलेली भिंत ऑक्टोबरच्या उन्हात वाळू द्या. सर्वपित्रीचा हुकूम तुमच्या फायद्याचाच आहे.

आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. बाल्कनीचं ग्रिल १९९८चं असेल आणि त्यावर जुना पिवळा-केशरी-लाल ऑइलपेंट असेल तर ते कोरडं घासू देऊ नका. त्या काळी या भडक रंगांत शिसं असायचं. घरातल्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीचं काही खरवडायचं तर पाणी मारून, ओल्या पॉलिशपेपरने, मुलांना लांब ठेवून.

तर्री (नागपूर), १० सप्टेंबर

संत्र्याच्या गावातली आहे, पण घरात एकही केशरी भिंत नाही. का सांगू? मे महिन्यात ४५ डिग्रीत बाहेरून आलं आणि समोर केशरी भिंत दिसली की भिंतीतूनच झळा येऊन राहिल्या असं वाटते. माझ्या जावेनं केलं होतं. कूलर चालू, खसच्या ताट्या ओल्या, तरी तिच्या हॉलमध्ये बसवत नव्हतं. रंगानं थर्मामीटर चढत नाही हे मलाही कळते बाप्पा, पण डोक्याला कोण समजावणार!

माझं म्हणणं, केशरी कापडात ठेवा. दसऱ्याला मी माळ्यावरून केशरी पडदे काढते, दोन गाद्यांच्या खोळी, एक सतरंजी. होळी झाली की सगळं धुऊन आत, आणि पांढरे सुती पडदे बाहेर. हिवाळ्यात इथं चांगली थंडी पडते, तेव्हा तोच रंग इतका ऊबदार वाटते की विचारू नका. भिंत अशी माळ्यावर ठेवता येते का?

तुमच्या आजीचा पडदा होता ना? पडदाच होता. भिंत नव्हती.

माड_पोफळ (कुडाळ), १० सप्टेंबर

तर्रीताईंचा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, पण मी भिंतवाला.

आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या. चिरा नवीन असताना पार केशरी-लाल असतो, आणि दोन-चार पावसाळ्यांत काळवंडतो. पडवीच्या आतल्या बाजूला मात्र पाऊस लागत नाही, तिथे तो चाळीस वर्षांनीही तसाच आहे. तो रंग कुणी दिलेला नाही, मातीतलं लोखंड गंजून आलेला आहे. त्यामुळे तो उन्हाला घाबरत नाही. तुमच्या देठांचा रंग झाडाचा, तो उडणारच. गेरूचा, कावेचा (लाल मातीचा) रंग दगडाचा, तो उडत नाही. शेड निवडताना दुकानदाराला विचारा की ही शेड ऑक्साइडच्या, म्हणजे याच गंजाच्या, पिगमेंटची आहे का. गेरूकडे झुकणाऱ्या, किंचित मातकट केशरी शेड बहुधा तशा असतात आणि पश्चिमेच्या उन्हात टिकतात. फळासारखे चमकणारे केशरी लवकर मरतात.

हे काव प्रकरण आमच्याकडे जुनं आहे. सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या देवळांत कावी काम बघा : पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव लावायची, ती ओली असताना कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. दोनच रंग, पण भिंत भरून जाते. त्यात शिकण्यासारखं हे की केशरी-लाल जितका आहे जवळजवळ तितकाच पांढरा सोडलेला असतो. नुसती काव फासलेली भिंत मी देवळात पाहिली नाही.

हौस म्हणून गेरू पाण्यात कालवून थेट भिंतीला लावू नका, एवढं सांगतो. तुळशी वृंदावनाला दर दिवाळीला लावतो तेव्हा ठीक आहे, तिथे कुणी टेकून बसत नाही. मी एकदा पडवीतल्या बाकामागे लावला होता. त्या मे महिन्यात मुंबईहून आलेल्या सगळ्या पाव्हण्यांच्या पाठी लाल. मेहुण्याचा लिननचा शर्ट होता, तो अजून ऐकवतो.

डच्चू (आम्सतलवीन), ११ सप्टेंबर

नेदरलँड्समधून लिहितोय, केशरी रंगावर बोलायचा हक्क इथे राहणाऱ्याला असतो असं मी समजतो.

इथे २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो तेव्हा अख्खा देश केशरी. माणसं, कुत्री, होड्या, केक. राजघराण्याचं नाव ओरान्ये-नासाऊ, त्यावरून. गंमत म्हणजे ते नाव दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज गावाचं, त्याचा फळाशी मुळात संबंधच नाही. फळाचं नाव मात्र आपल्याकडून गेलेलं : नारंग, मग फारसी-अरबीतून स्पेनमध्ये नारांहा, आणि पुढे ऑरेंज.

आम्ही २०२१ला भाड्याच्या घरात आलो. भिंतींना हात लावायचा नाही असा करार, म्हणून बायकोनं पुण्याहून आणलेल्या केशरी इरकलीचे पडदे शिवले. शेजारच्या आजोबांनी दोन दिवस वाट बघून तिसऱ्या दिवशी विचारलं, "फुटबॉल का?" आम्ही म्हटलं, नाही, साडी. त्यांना काही कळलं नाही, पण कॉफीला आले.

मुद्दा असा की इथे तोच पडदा वर्षात दोन वेगळे रंग दाखवतो. डिसेंबरात साडेचारला अंधार, दिवसभर आभाळ राखाडी, खिडकी उत्तरेला. तेव्हा केशरी पार विझतो, तपकिरीकडे जातो, आणि दिवा लावला की जिवंत होतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, तेव्हा थोडा अती वाटतो. चुनासाहेब तीन दिवस म्हणाले, ते इथल्या हिशेबानं सहा महिने होतील.

सोफ्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. गडद तपकिरी आणि केशरी एकाच घरातले, सख्खे चुलत. दोघंच असले की खोली जड होते. मध्ये थोडा निळा लागतो. आमच्याकडे इंडिगोच्या दोनच उश्या आहेत, पण त्या धुवायला टाकल्या की हॉल चुकल्यासारखा दिसतो.

घरकोंबडी, २१ सप्टेंबर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, पण रिकामी बसले नव्हते.

चुनादादा, तुमचं ऐकून आधी दिवे बदलले. नुसत्या दिव्यांनी ऑफव्हाइट भिंतीच सायीच्या रंगाच्या झाल्या, नवरोबा म्हणाले आता रंग कशाला हवाय. दुर्लक्ष केलं.

मग पट्टी. चार पदरी करायला अर्धा इंच पुरेना, म्हणून पडद्याची सबंध दुमड उसवली, चांगली हातभर. दुकानातल्या मुलानं ती यंत्राखाली धरली, एक नंबर आला. मी म्हटलं, हा एक दे, आणि याच घरातल्या याहून मळक्या दोन दे. तो म्हणाला, "काकू, लोक उजळ मागतात." तीन बाटल्या आणल्या. मुलानं भूमितीचा अभ्यास सोडून तीन कार्डशीटं रंगवली आणि मागे क, ख, ग लिहिलं. त्याला एवढा उत्साह मी भूमितीत कधी पाहिला नाही.

क म्हणजे यंत्रानं दिलेला. हातात शीट आणि पडद्याची पट्टी शेजारी धरली तर डोळ्यांना फरक सापडेना. अगदी जुळा. भिंतीवर चिकटवला, सव्वाचारला ऊन आलं आणि निखारा पेटल्यासारखा झाला. रात्री लिमलेट. म्हणजे सहा हजारांचं काम या वेळी एका बाटलीत समजलं.

ख बरा, पण पहिल्या दिवशी बरा वाटला आणि दुसऱ्या दिवशी खटकायला लागला. ज्या रंगाकडे आपण दहा वेळा बघून "चालेल ना?" विचारतो तो चालत नसतो.

ग हातात घेतला तर कसलाच नाही. भाजलेल्या रव्यात किंचित तिखट पडल्यासारखा. साबा म्हणाल्या, हा तर आधीच विटलाय. पण भिंतीवर, संध्याकाळी, लांबून, हातातली पट्टी डोळ्यासमोर धरून बघितलं तर तोच! तीन दिवस बघितला, तीनही दिवस तोच.

दुकानदाराला ऑक्साइडबद्दल विचारलं. तो मुलगा गडबडला, आतून मालक आले, ते म्हणाले, यात मुख्य रंग पिवळ्या आणि लाल ऑक्साइडचाच आहे. माड_पोफळ, तुम्ही म्हणालात तसं निघालं.

तर्री, तुमचं म्हणणं मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरले. पडदाच होता हे खरं. पण तो देवघराच्या कोनाड्याला होता, उजेड त्याच्यावर पडायचा तो बहुतेक समईचा. माझ्याकडे कोनाडा नाही, भिंत आहे. शिवाय पश्चिमेच्या उन्हाला केशरी पडदा लावला तर ऊनच केशरी होऊन आत येईल, मग परत सगळ्यांची तोंडं.

एक शंका : भिंतीवर आत्ता जो ऑफव्हाइट आहे त्याखाली जुना गोळीवाला रंग आहे. तो वर येईल का?

चुना_लावणारा, २१ सप्टेंबर

येणार नाही. पाण्याचा रंग वाळला की वाळला, तो पाझरत नाही. ओल आली तर मात्र सगळे थर एकदम पापुद्र्यानं निघतील, तेव्हा नखाने दोन-तीन ठिकाणी खरवडून बघा. घट्ट असेल तर हलका पॉलिशपेपर, धूळ पुसून एक हात पीच. लांबी (पुट्टी) लागली तर फक्त खिळ्यांच्या भोकांना. अख्ख्या भिंतीला लांबी लावतो म्हणाला तर समजा की त्याला दुसरं काम नाहीये.

'ग'च्या शेडवर आलात म्हणजे आता तुम्हाला कुणी फसवू शकत नाही.

पुणेरी_पाटी, २१ सप्टेंबर

"काकू, लोक उजळ मागतात" हे वाक्य विवाहमंडळाच्या बाहेर लावण्यासारखं आहे.

तर्री, २२ सप्टेंबर

हरले. पण मे महिन्यात या धाग्यावर येऊन खरं खरं सांगाल.

घरकोंबडी, २४ ऑक्टोबर

झाली भिंत. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पेंटरदादा आले (तेच, गेल्या वेळचे. डबा उघडून म्हणाले, "हा रंग खराब निघालाय, बदलून आणा."). सकाळी पीच, दुपारी एक हात, दुसऱ्या दिवशी दुसरा. दोन लिटरमध्ये झाली. ग्रिलला हात लावला नाही. कडेला खरवडल्यावर हिरव्याखाली पिवळा दिसला, म्हणून नवरोबांनी वरून नुसता ओला फडका मारला आणि तो विषय पुढच्या वर्षीवर गेला.

डच्चू, निळ्या उश्या आणल्या, दोनच. आणि साबांनी स्वतःहून माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढायला लावलं. त्यांच्या सासूबाईंचं, कसब्यातल्या तांबट आळीत घेतलेलं. चिंच लावून घासलं आणि भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलं. भिंत आणि तांबं एकमेकांना इतकं ओळखतात की मला वाटलं होतं त्याच्या निम्मं सामान पुरलं. भिंतीवर काहीच टांगलं नाही. घड्याळसुद्धा शेजारच्या भिंतीवर गेलं.

हिशेब : रंग, सॅम्पल, दिवे, उश्या, मजुरी धरून अकरा हजार चारशे. उरलेल्यात मुलाला टेबललॅम्प.

आता काल झालेली गंमत. भाऊबीजेला भाऊ आला. ओवाळून झालं, चहा घेत बसलो, पाच-सव्वापाच झाले असतील. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "अर्ध्या भिंतीला वेगळा रंग का दिलायस? संपला का?" मी चमकून बघितलं. ऊन आता तिरकं येतं, दक्षिणेकडून, भिंतीच्या डाव्या अर्ध्यावरच पडतं. तिथे ती पिकल्या आंब्यासारखी, आणि उजवीकडे सावलीत भाजलेल्या रव्याची. मध्ये बाल्कनीच्या खांबाची सरळ रेघ. खरंच दोन डबे वापरल्यासारखी दिसत होती. दहा मिनिटं त्याला पटेना. हात लावून बघून आला. मग ऊन उतरलं, रेघ सरकत सरकत गेली आणि भिंत एक झाली.

साबा हॉलमध्ये टीव्ही बघतायत. खुर्ची मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवलीये, टीव्ही तिरका दिसतो.

पडद्याची दुमड परत शिवली. जुन्याच भोकांतून, जमेल तितकी.

चुनादादा, शेवटचं : पाव लिटरभर रंग उरलाय. बाथरूमच्या दाराला लावला तर चालेल का?

चुना_लावणारा, २४ ऑक्टोबर

नाही चालणार, ताई. दाराला आधीचा ऑइलपेंट असणार, त्यावर हा धरणार नाही, आठ दिवसांत नखाने सोलला जाईल. आणि बाथरूमची वाफ वेगळीच.

छोट्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घाला आणि वर शेड नंबर आणि तारीख लिहून ठेवा. मुलगा दहावी झाल्यावर हॉलमध्ये बॉल खेळेल, तेव्हा लागेल.